कुठून आलास ते आधी सांग

पहाटे बेळगावहून पेपरची गाडी सुटते. काकती, वंटमुरी, यमकनमर्डी, संकेश्वर मागे टाकत, तवंदीचा घाट उतरून ती निपाणीत शिरते. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. या सबंध रस्त्यावर निपाणीच्या प्रत्येक वाचकाचा अंक वेगळ्या पाकिटात घालून, त्यावर नाव-पत्ता लिहून कुणी पाठवत नाही. निपाणीचा म्हणून एक गठ्ठा असतो. तो गाडीतून खाली उतरतो, एजंट पट्टी कापतो, अंक मोजून अक्कोळचे वेगळे, सौंदलग्याचे वेगळे, बेडकिहाळचे वेगळे करतो आणि गावातले अंक सायकलवरच्या पोरांच्या हवाली होतात. जिथे रस्ता फुटतो तिथेच गठ्ठा फुटतो, त्याच्या आधी नाही. बाबुराव ठाकूर यांनी १९१९ साली बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केला. शंभर वर्षांत छपाई बदलली, गाड्या बदलल्या, पण गठ्ठ्याचं हे गणित बदललेलं नाही.

मी या भागात बरीच वर्षं नेटवर्कची कामं करतो. राउटर बसवायचे, केबल ओढून घ्यायच्या, आणि बंद पडलं की रात्री-अपरात्री गाडीला किक मारायची. मल्टिकास्ट म्हणजे काय हे नव्या पोरांना सांगायची वेळ आली की मी पेपरच्या गाडीपासूनच सुरुवात करतो. मल्टिकास्ट म्हणजे गठ्ठा. एकच माहिती पुष्कळांना हवी असेल तर ती वाटेवरून एकदाच न्यायची आणि जिथे वाट फुटते तिथल्या राउटरनं तिच्या प्रती काढायच्या.

आपण रोज वापरतो ते इंटरनेट असं वागत नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. त्या प्रत्येकाला सामन्याचा वेगळा प्रवाह जात होता. निपाणीतल्या एका गल्लीत चाळीस फोनवर सामना लागला असेल, तर तीच विकेट त्या गल्लीत चाळीस वेळा आली. याला युनिकास्ट म्हणतात: प्रत्येकाला वेगळं पाकीट. मोठ्या कंपन्या गावोगावच्या जवळच्या केंद्रांवर माहितीचा साठा आणून ठेवतात, म्हणून हे निभावतं. पण निभावणं वेगळं आणि योग्य असणं वेगळं.

फरक कुठे दुखतो हे मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात लख्ख दिसलं. तिथे दलालांचे सर्व्हर बाजाराच्याच इमारतीत ठेवायची सोय २०१० मध्ये सुरू झाली. भावातला प्रत्येक बदल त्या सर्व्हरांना दिला जात असे, पण युनिकास्टनं, म्हणजे एकामागून एक. ज्याची जोडणी आधी झाली त्याला आधी, पुढच्याला नंतर. फरक डोळ्यांना न दिसणारा, सेकंदाचा अगदी बारीक तुकडा. पण जिथे यंत्रं यंत्रांशी व्यवहार करतात तिथे तेवढा तुकडाही पैशाचा असतो. एप्रिल २०१४ मध्ये ही माहिती मल्टिकास्टनं द्यायला सुरुवात झाली. सेबीच्या २०१९ च्या आदेशात या दोन पद्धतींची चर्चा विस्तारानं आली आहे. त्या प्रकरणाची कायद्याची बाजू पुढे अनेक वळणं घेत गेली, ती इथे नको. मला त्यातली तांत्रिक गोष्ट महत्त्वाची वाटते. रांगेत उभं करून वाटलं की पहिला आणि शेवटचा असा भेद पडतो. गठ्ठा एकदम फोडला की तो भेद जवळजवळ मिटतो.

ही कल्पना नीट बांधली ती स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या स्टीव्ह डीअरिंगनं. ऑगस्ट १९८९ मध्ये त्याचा आराखडा इंटरनेटच्या नियमपत्रांत १११२ या क्रमांकानं आला. त्यानं पत्त्यांचा एक पट्टाच यासाठी घेतला: २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंत. या पट्ट्यातला पत्ता कुठल्याही यंत्राचा नसतो, तो गटाचा असतो. भजनी मंडळासारखं. आज कोण आलं, कोण उठून गेलं, त्यानं मंडळाचं नाव बदलत नाही. पाठवणारा गटाच्या नावानं पाठवतो, ऐकणारा आपल्या राउटरला सांगतो की मला या गटाचं हवं. पाठवणाऱ्याला ऐकणारे कोण आणि किती, हे ठाऊक नसतं. निपाणीत कुणाच्या स्वयंपाकघरात रेडिओ लागलाय हे सांगलीच्या आकाशवाणीला तरी कुठे कळतं? मार्च १९९२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या एका बैठकीतला आवाज तीन खंडांतल्या वीस ठिकाणी याच पद्धतीनं पोचवला गेला, आणि मल्टिकास्ट प्रयोगशाळेच्या बाहेर पडलं.

आपल्या बेळगावचाही यात एक धागा आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं, त्याचं मुख्यालय बेळगावला आहे. २० सप्टेंबर २००४ ला श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट हा निव्वळ शिक्षणासाठीचा उपग्रह सुटला. त्याच्या आधी इन्सॅट-३बी या उपग्रहावर जो पथदर्शी प्रयोग झाला त्यासाठी तीन विद्यापीठं निवडली होती: कर्नाटकात हे, महाराष्ट्रात नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, आणि मध्य प्रदेशातलं राजीव गांधी तांत्रिक विद्यापीठ. एका ठिकाणी प्राध्यापक शिकवत, आणि राज्यभरच्या महाविद्यालयांत मुलं पडद्यासमोर बसत. उपग्रहाला गठ्ठा फोडायची गरजच पडत नाही. त्याच्या झोतात जेवढ्या डिश आहेत त्या सगळ्यांवर तोच पाऊस पडतो. त्याला दूधगंगा नदी ठाऊक नाही, राज्याची हद्द ठाऊक नाही.

जमिनीवरून नेताना मात्र हद्द आडवी येते.

इंटरनेट हे एकच जाळं आहे असं आपण म्हणतो, पण ते हजारो जाळ्यांचं मिळून झालेलं आहे. प्रत्येकाचा मालक वेगळा, नियम वेगळे, रात्री उठून बघणारा माणूस वेगळा. अशा एका कारभाराखालच्या जाळ्याला डोमेन म्हणतात. एका डोमेनच्या आत मल्टिकास्ट चालवणं मुळीच अवघड नाही. अवघड असतं ते दोन डोमेनच्या शिवेवर.

एका डोमेनच्या आत बहुतेक वेळा अशी व्यवस्था असते की एक राउटर भेटीची जागा म्हणून नेमला जातो. आम्ही त्याला नुसतं आरपी म्हणतो. आठवडी बाजार समजा. विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत, पण बाजार कुठे भरतो हे दोघांनाही ठाऊक असतं. पाठवणाऱ्याच्या जवळचा राउटर आरपीकडे नोंद करतो, ऐकणाऱ्याच्या जवळचा राउटर आरपीकडे मागणी पाठवतो, आणि गाठ पडते. एकदा गाठ पडली की मग बाजारातून वळसा घालत बसत नाहीत, ऐकणाऱ्याकडून थेट पाठवणाऱ्याकडे जवळची वाट बांधली जाते. या सगळ्या पद्धतीला पिम म्हणतात.

दोन डोमेन म्हणजे दोन बाजार. निपाणीच्या बाजारात काय माल आलाय हे पलीकडच्या बाजाराला कळणार कसं? त्यासाठी एमएसडीपी नावाची सोय आहे, २००३ मध्ये तिचं नियमपत्र निघालं. दोन्हीकडचे आरपी एकमेकांना निरोप देत राहतात की आमच्याकडे अमक्या पत्त्यावरून तमक्या गटाचा माल सुरू झालाय. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला परगावच्या आडत्याचा फोन यावा तसं. फोनवरून बातमी येते, तंबाखू येत नाही. तंबाखूसाठी गाडी पाठवावी लागते, आणि गाडी कुठल्या रस्त्यानं जायची हे वेगळं ठरतं. निरोप पोचणं आणि माल पोचणं या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे माझे स्वतःचे कितीतरी तास वाया गेले आहेत.

आता मुख्य गोष्ट.

साधं पॅकेट आलं की राउटर विचारतो, तुला कुठे जायचंय? मल्टिकास्टच्या पॅकेटला हा प्रश्न विचारून उपयोग नाही, कारण त्यावर गटाचं नाव असतं आणि गटाला एक ठिकाण नसतं. म्हणून राउटर उलटा प्रश्न विचारतो: तू कुठून आलास? पाठवणाऱ्याचा पत्ता बघतो आणि मनाशी पडताळतो की मला या माणसाकडे जायचं असतं तर मी कुठल्या दारानं गेलो असतो? पॅकेट त्याच दारानं आलं असेल तर आत घेतो आणि प्रती काढतो. दुसऱ्या दारानं आलं असेल तर टाकून देतो.

२०२१ मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर जे अडकले त्यांना हे पटकन समजेल. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकात शिरताना करोनाची चाचणी नकारात्मक असल्याचा अहवाल दाखवावा लागत होता. बेळगावला निघालात की हुबळीला, याच्याशी नाक्याला कर्तव्य नव्हतं. कुठून आलात, एवढाच प्रश्न. राउटरची ही तपासणी त्या नाक्यासारखी आहे, फक्त एक मोठा फरक आहे. नाक्यावर परत पाठवताना निदान माणूस सांगतो तरी. राउटर पॅकेट टाकून देतो आणि कुणाला काही कळवत नाही. पाठवणाऱ्याला नाही, ऐकणाऱ्याला नाही, शेजारच्या राउटरलाही नाही. आतल्या एका मोजणीत एक आकडा वाढतो, इतकंच.

एवढी कडक तपासणी का, तर प्रतींमुळे. साधं पॅकेट गोल गोल फिरायला लागलं तर एकच पॅकेट फिरतं आणि काही वेळानं मरतं. मल्टिकास्टचं पॅकेट गोल फिरायला लागलं तर प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती निघतात, प्रतींच्या प्रती निघतात, आणि काही क्षणांत सगळं जाळं कोंडतं. म्हणून मुळाकडच्या दारानं आलेलंच खरं मानायचं, हा नियम. झाडाचं पाणी मुळाकडूनच वर चढतं.

काही वर्षांपूर्वी मला एका शिक्षणसंस्थेचं काम मिळालं. संस्थेचं नाव इथे देत नाही. तिची एक शाखा निपाणीत, दुसरी दूधगंगेपलीकडे कागलच्या बाजूला. मध्ये वीसएक किलोमीटर. दोन्हीकडची नेटवर्कं वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वेळी उभी केलेली, इंटरनेट देणारे वेगळे. दोन शाखांच्या मनोऱ्यांमध्ये एक रेडिओ लिंक होती, सेकंदाला वीस मेगाबिट झेपणारी. निपाणीत गणिताच्या एक उत्तम शिक्षिका होत्या. त्यांचा तास एकाच वेळी इथल्या नऊ आणि तिथल्या बारा वर्गांत दाखवायचा, असं संस्थेनं ठरवलं. चित्राला चार मेगाबिट लागत. पलीकडच्या बारा वर्गांना वेगवेगळं पाठवलं तर अठ्ठेचाळीस मेगाबिट झाले असते, लिंक वीसची. गठ्ठ्यानं पाठवलं तर फक्त चार. मल्टिकास्ट हाच मार्ग होता.

इथल्या नऊ वर्गांत पहिल्याच दिवशी चित्र झकास आलं. पलीकडे बाराही पडदे काळे.

माझ्याबरोबर हुक्केरीकडचा एक तरुण सहकारी होता, घरी कन्नड बोलणारा. तो म्हणाला, “अण्णा, पिंग तर येतंय की!” पलीकडून आमच्या कॅमेऱ्याच्या कॉम्प्युटरला हाक मारली की उत्तर मिळत होतं. म्हणजे वाट आहे. वाट आहे तर चित्र का नाही? पहिला तास आम्ही इकडे आणि पलीकडच्या शाखेचं नेटवर्क सांभाळणारे सर तिकडे, आपापल्या घरात चोर शोधत बसलो. शिवेवरच्या बिघाडात हेच होतं. माझं घर मला सगळं दिसतं, शेजाऱ्याचं काहीच दिसत नाही, आणि दोघांनाही आपलं घर स्वच्छ वाटतं. शेवटी फोन लावला, दोघांनी आपापल्या राउटरसमोर बसायचं आणि पडद्यावर काय लिहिलंय ते एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवायचं, असं ठरलं.

शोध ऐकणाऱ्यापासून सुरू करायचा, ही माझी पद्धत. पुष्कळ जण पाठवणाऱ्यापासून निघतात, कारण तिथे कॅमेरा असतो आणि सगळे तिथेच जमलेले असतात. पण मल्टिकास्टची वाट मागणीनं बांधली जाते. ऐकणाऱ्यानं मागितलंच नसेल तर पुढचं सगळं ठीक असूनही काही येणार नाही. म्हणून पहिला प्रश्न, वर्गातल्या कॉम्प्युटरनं गट मागितलाय का? पलीकडच्या सरांनी राउटरवरची मल्टिकास्टची यादी काढली. “गटाची ओळ आहे,” ते म्हणाले. मागणी पोचली होती.

मग निरोप. त्यांच्या आरपीला आमच्या पाठवणाऱ्याची बातमी लागली आहे का? त्यांनी निरोपांची वही वाचली. आमच्या कॅमेऱ्याच्या कॉम्प्युटरचा पत्ता त्यात होता. पाठवताना पॅकेटचं आयुष्य किती ठेवलं होतं तेही मी इकडे तपासलं. पुष्कळ कॉम्प्युटर मल्टिकास्टला आयुष्य एकच देतात, म्हणजे ते पहिल्या राउटरच्या पुढे जगतच नाही. तेही आम्ही आधीच वाढवून ठेवलं होतं. गटाचा पत्ताही हद्दीत अडवला जाणारा नव्हता. २३९ नं सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायचे असतात आणि शिवेवर ते रोखण्याची चांगली सवय पुष्कळांना असते, पण आमचा गट त्यातला नव्हता.

“आता आमच्या पत्त्याची आणि गटाची मिळून एक ओळ असेल, ती वाचा,” मी म्हणालो. “आवक कुठल्या दारानं लिहिलीय?”

त्यांनी दाराचं नाव वाचलं. ते रेडिओचं दार नव्हतं, इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या केबलचं होतं. आणि त्याच्या पुढे, शेजाऱ्याच्या रकान्यात, चार शून्यं: ०.०.०.०.

तिथे सगळं उलगडलं. त्यांचा राउटर आमच्या कॅमेऱ्याकडे जायची वाट इंटरनेटच्या दारानं धरत होता. म्हणून मागणीही त्याच दारानं पाठवत होता, आणि त्या दारापलीकडच्या कंपनीला आमच्या मल्टिकास्टशी काही देणंघेणं नव्हतं. चार शून्यांचा अर्थ तोच: ज्या दारावर मी हाक मारतोय तिथे ऐकणारं कुणी नाही. रेडिओच्या दारावर कुणी हाकच मारली नव्हती, आणि मारली असती तरी त्या दारानं आलेलं पॅकेट ‘चुकीच्या दिशेनं आलास’ म्हणून फेकलं गेलं असतं.

मग पिंग कसं येत होतं? सहकाऱ्यानं वाटेचा माग काढला. आमच्या हाका निपाणीहून बेंगळुरूला, तिथून मुंबईला, मुंबईहून पुण्याला, पुण्याहून कोल्हापूरला आणि मग कागलच्या बाजूला जात होत्या. वीस किलोमीटरवरच्या गावाला जायला दीड हजार किलोमीटरहून जास्त वळसा. पिंगला काय, ते कुठूनही जाऊन येतं आणि ‘आहे’ म्हणतं. ते किती हिंडून आलं हे आपण विचारल्याशिवाय सांगत नाही.

सीमाभागात राहणाऱ्याला हा वळसा नवा नाही. टेलिफोनच्या जगात कर्नाटक हे एक सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा हे दुसरं. निपाणीचा कोड ०८३३८, कोल्हापूरचा ०२३१. इंटरनेट कंपन्यांची जाळीही बरीचशी याच आखणीवर वाढली. आमच्या बाजूची तार बेंगळुरूकडे तोंड करून, पलीकडची मुंबई-पुण्याकडे. दोन कंपन्या एकमेकींना भेटतात त्या मोठ्या शहरांत. देशातल्या देशात जाणारी माहिती परदेशातून वळसा घालून येऊ नये म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था उभी राहिली, तिची केंद्रंही महानगरांतच सुरू झाली. कोगनोळी आणि कागल एकमेकांना दिसतात, पण त्यांच्या पॅकेटांची गाठ पडते ती मुंबईत.

पलीकडच्या राउटरवर रेडिओची वाट लिहिलेली होती, पण ती निपाणीतल्या दोन जुन्या सर्व्हरांपुरती. कॅमेऱ्याची खोली नवी, तिचे पत्ते नवे. ते यादीत नव्हते. यादीत नसलेलं सगळं इंटरनेटच्या दारानं, हा नेहमीचा सर्वसाधारण नियम त्यांना लागू झाला होता. कुणाची चूक म्हणावी अशीही ती नव्हती. खोली बांधताना पलीकडच्या यादीत एक ओळ वाढवायला हवी, हे कुणाच्या कामाच्या कागदावर लिहिलेलंच नव्हतं.

सरळ उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या खोलीची सगळीच वाहतूक रेडिओवर आणायची. पलीकडचे सर नको म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. पावसाळ्यात रेडिओ रडतो. इतर कामं केबलवरच राहिलेली बरी. मग आम्ही दोन नकाशे वेगळे केले. साधी वाहतूक कुठल्या दारानं, हा एक नकाशा. मल्टिकास्टच्या तपासणीसाठी कुठलं दार खरं मानायचं, हा दुसरा. पुष्कळ राउटरांना असे दोन नकाशे ठेवता येतात. शेकडो डोमेनमध्ये हे करायचं असेल तर डोमेन एकमेकांना वाटा कळवतात त्या बीजीपीच्या विस्तारित रूपातून मल्टिकास्टच्या वाटा वेगळ्या जाहीर करतात. आमच्या दोन शाखांपुरती एक ओळ पुरेशी होती: या खोलीचं मल्टिकास्ट रेडिओच्या दारानंच येईल, ते आत घे.

ओळ लिहिल्यावर पडद्याकडे बघायचं नाही, मोजणीकडे बघायचं, हे मी सहकाऱ्याला सांगितलं होतं. सरांनी आकडे वाचायला सुरुवात केली. आधी स्थिर, मग दोनशे, मग नऊशे, मग वाचून होईपर्यंत बदलायला लागले. बाराही वर्गांत फळा दिसला.

इतकी उपयोगी गोष्ट जगभरच्या इंटरनेटवर का पसरली नाही, हा प्रश्न त्या रात्री सहकाऱ्यानं विचारला. कारणं खरोखरची आहेत. प्रत्येक गटासाठी वाटेवरच्या प्रत्येक राउटरला एक ओळ लक्षात ठेवावी लागते. एक पॅकेट आत आलं आणि शंभर बाहेर गेली तर पैसे कुणी कुणाला किती द्यायचे, याचं गणित कंपन्यांमध्ये कधी बसलं नाही. आणि एमएसडीपीचे निरोप सगळ्या आरपींना जात असल्यामुळे एकाचा गोंधळ सगळ्यांचा होतो. जानेवारी २००१ मध्ये रामेन नावाचा एक किडा पसरला. तो नव्या यंत्रांच्या शोधात वाटेल त्या पत्त्यांवर टकटक करायचा, त्यात मल्टिकास्टचे पत्तेही आले. प्रत्येक टकटक म्हणजे नवा पाठवणारा असं समजून निरोपांचा पूर लोटला आणि ठिकठिकाणचे राउटर त्यात बुडाले.

म्हणून आता सल्ला बदलला आहे. २०२० च्या नियमपत्र ८८१५ नं सांगितलं की डोमेन ओलांडून जाताना ‘कुणाहीकडून आलेलं चालेल’ ही पद्धत सोडा. ऐकणाऱ्यानं गटाबरोबर पाठवणाऱ्याचा पत्ताही सांगावा: मला अमक्याकडून येणारं तमकं हवं. २३२ नं सुरू होणारे पत्ते त्यासाठी राखलेले आहेत. यात भेटीची जागा लागत नाही, निरोप्या लागत नाही, किडा शिरायची फट बुजते. मला ही पद्धत मनापासून पटते, आणि आज ते काम पुन्हा मिळालं तर पहिल्या दिवसापासून मी तीच लावीन. पण ‘कुठून आलास’ ही तपासणी त्यातही तशीच राहते. दोन डोमेनचे नकाशे जुळले नाहीत तर तिथेही पडदा काळाच राहील.

आमचं काम मात्र तिथे संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बारापैकी तीन वर्गांत चित्र मध्येच थांबतं. प्लेअर बंद करून पुन्हा सुरू केला की येतं, पुन्हा थांबतं. सगळे म्हणाले रेडिओ, वारं, पाऊस. तिघांपैकी एका वर्गावरच्या बाईंनी मात्र घड्याळ लावून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, “दर वेळी चार मिनिटं वीस सेकंद.”

वाऱ्याला इतकी शिस्त नसते. चार मिनिटं वीस सेकंद म्हणजे २६० सेकंद, आणि हा आकडा मल्टिकास्टवाल्यांना पाठ असतो. राउटर दर १२५ सेकंदांनी वर्गांना विचारतो की अजून कुणाला हा गट हवाय का? उत्तरासाठी १० सेकंद देतो. एखादं उत्तर वाटेत हरवलं म्हणून लगेच बंद करत नाही, दोन फेऱ्या वाट बघतो. १२५ दुणे अडीचशे, आणि वर १० मिळून २६०. तेवढ्यात कुणी ‘हो’ म्हणालं नाही तर ऐकणारे उठून गेले असं समजून तो प्रवाह बंद करतो. प्लेअर सुरू करताना कॉम्प्युटर न विचारता स्वतःहून मागणी करतो, म्हणून चित्र सुरू व्हायचं. पुढे राउटरचा प्रश्न त्या तीन वर्गांपर्यंत पोचतच नव्हता. प्रश्न ऐकू आला नाही म्हणून उत्तर नाही, उत्तर नाही म्हणून चित्र नाही.

ते तीन वर्ग नव्या इमारतीत होते आणि तिथे एक नवा स्विच बसला होता. कुणीतरी जाळ्यात गोंधळ माजू नये म्हणून त्यावर सगळ्यांना उद्देशून येणारी पॅकेटं अडवायचा नियम लावला होता. राउटरचा प्रश्नही २२४.०.०.१ या सगळ्यांच्या पत्त्यावर जातो. नियम त्यालाही गिळत होता. पलीकडच्या सरांनी तेवढ्या एका पत्त्याला वाट मोकळी करून दिली.

मग आम्ही फोन चालू ठेवला. निपाणीत मी आणि सहकारी, पलीकडे सर राउटरजवळ, आणि त्यांच्या मोबाईलवर जोडून घेतलेल्या त्या वर्गावरच्या बाई. पडद्यावर वर्तुळाचं प्रमेय चाललं होतं, स्पर्शिका काढून झाली होती. सहकारी हळू आवाजात सेकंद मोजत होता. दोनशे. अडीचशे. दोनशे साठ. दोनशे सत्तर. निपाणीच्या फळ्यावर त्रिज्या आणि स्पर्शिकेच्या कोनात काटकोनाची छोटी चौकट काढली गेली, आणि तीच चौकट पलीकडेही दिसत असल्याचं बाईंनी सांगितलं. तीनशे दहाला त्याच म्हणाल्या, “ठेवा आता फोन, पोरांना ऐकू दे.”